लुटुपुटूची मध्यस्थी

मागील दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबार तालुक्यातील रनाळे या गावी एका स्नेह्यांच्या घरी दोन दिवस राहण्याचा योग आला. हे कुटुंब आपल्या धर्मग्रामातले नव्हे; परंतु कित्येक वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा आमच्या वसतिगृहात राहून शिकला आणि तेव्हा जडलेला जिव्हाळा अजून टिकून आहे. घरात पाऊल टाकताच भिंतीवरचे एक नवे प्रशस्तिपत्र दृष्टीस पडले. त्यांची धाकटी मुलगी पुण्यास कायद्याचे शिक्षण घेते. महाविद्यालयांच्या अभिरूप मध्यस्थी स्पर्धेत तिच्या संघाला दुसरे पारितोषिक मिळाले होते.

मला प्रथम हसू आले. स्पर्धा म्हटली की कोणीतरी जिंकायचे आणि कोणीतरी हरायचे. मध्यस्थीचा तर सारा खटाटोप कोणी हरू नये यासाठी. मग मध्यस्थीत पहिले कोण आणि दुसरे कोण, हे ठरवायचे कसे? मी तसे बोलूनही दाखवले. मुलीने न रागावता मला सारे नीट समजावून सांगितले.

अभिरूप न्यायालय आपल्याला ठाऊक असते. कायद्याचे विद्यार्थी काल्पनिक खटला चालवतात, खोटेखोटे न्यायाधीश बसतात. त्याच धर्तीवर येथे एक काल्पनिक तंटा देतात. उदाहरणार्थ, एका कारखान्याला माल पुरवणाऱ्याने वेळ पाळली नाही आणि कारखानदाराने पैसे अडवून धरले. दोन्ही बाजूंना घडलेल्या हकिकतीचा एक सामाईक कागद मिळतो आणि शिवाय प्रत्येक बाजूला एक गोपनीय पत्रक मिळते. आपल्या पक्षकाराला खरोखर काय हवे आहे, तो कोठवर माघार घेऊ शकतो, त्याला कशाची भीती वाटते, हे त्या पत्रकात लिहिलेले असते. एक विद्यार्थी पक्षकार होतो, दुसरा त्याचा वकील. मध्यस्थाच्या जागी काही स्पर्धांत अनुभवी मध्यस्थ बसतात, तर काहींत विद्यार्थीच बसतात आणि त्यांचेही गुण मोजले जातात. पॅरिसला आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ २००६ पासून अशी स्पर्धा भरवत आले आहे आणि जगभरचे विद्यार्थी तिच्यात भाग घेतात. साधारण तास-दीड तासाचा खेळ. आधी एकत्र बैठक, मग मध्यस्थ प्रत्येक बाजूशी एकांतात बोलतो. एकांतात सांगितलेली गोष्ट तो त्या बाजूच्या परवानगीवाचून दुसऱ्या बाजूला सांगत नाही. समेट झालाच पाहिजे असा नियम नसतो, हे तिने मुद्दाम सांगितले. कोणी किती नीट ऐकले, मागणीच्या मागची गरज कोणाला ओळखता आली, नवे मार्ग कोणी सुचवले, यावर परीक्षक गुण देतात.

हे शिक्षण आज अकस्मात आलेले नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे १९९९ च्या दुरुस्तीने आले आणि १ जुलै २००२ पासून लागू झाले. न्यायालयाने योग्य तो दावा मध्यस्थीकडे अथवा लोकअदालतीकडे पाठवावा, असे त्यात सांगितले आहे. पुढे २००८ च्या कायदेशिक्षणाच्या नियमांत पर्यायी तंटानिवारणाचा विषय विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. २०२३ मध्ये तर मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच संसदेने केला. मध्यस्थी १२० दिवसांत पुरी करावी, फार तर आणखी ६० दिवस घ्यावेत, असे तो कायदा म्हणतो. ज्या देशात दिवाणी दावा आजोबाने लावावा आणि नातवाने निकाल ऐकावा, तेथे हे दिवस अगदीच थोडे वाटतात. तरुण वकील आता युक्तिवादाबरोबर ऐकण्याचीही तालीम घेऊ लागले आहेत, ही मी शुभ गोष्ट मानतो.

खेळ आहे म्हणून ती हलकी आहे, असेही मी म्हणणार नाही. आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा आमचे वृद्ध प्राध्यापक त्यांच्या काळच्या लॅटिनमधील वादसभांची गोष्ट सांगत. तिथला एक दंडक असा, की प्रतिपक्षाचा आक्षेप आपल्या तोंडाने पुन्हा मांडल्याशिवाय त्याचे खंडन करायचे नाही. आक्षेप चुकीचा मांडला तर समोरचा तेथेच थांबवीत असे. तोही एका अर्थी खेळच. पण आपल्या विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता येणे, ही विद्या त्या खेळाने कित्येकांना दिली. ज्याला ती साधत नाही, तो धर्मगुरू असो वा वकील, आयुष्यभर स्वतःशीच बोलत राहतो.

हे सारे बोलणे ज्या ओटीवर चालले होते, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मुलीच्या काकांचे घर. दोन्ही भावांची विहीर एक, पंपाची वीजजोडणी एक, आणि बोलणे सहा वर्षांपासून बंद. शेतीच्या पंपाला आठ तास वीज मिळते. पहिले चार तास थोरल्याचे आणि पुढचे चार धाकट्याचे, ही पाळी त्यांच्या वडिलांनी ठरवून दिलेली. ज्या आठवड्यात वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात धाकट्याची पाळी मध्यरात्री दोनला सुरू होते. थोरल्याने उपसा केल्यावर विहिरीत कितीसे पाणी उरते, हाही प्रश्न असतोच. धाकटा म्हणतो, पाळी आलटूनपालटून करा. थोरला म्हणतो, वडिलांचा शब्द मोडणार नाही. जोडणी थोरल्याच्या नावावर. निम्मे बिल धाकटा भरतो, पण भावाच्या हाती न देता शेजाऱ्याकडून पाठवतो.

जुन्या करारात इसहाकाच्या विहिरींची हकिकत आहे. गुराख्यांनी एका विहिरीवरून भांडण काढले, त्याने ती सोडून दुसरी खणली. तिच्यावरूनही भांडण झाले, तेव्हा तिसरी खणली आणि तेथे कोणी भांडायला आले नाही. मी हा उतारा पुष्कळदा उपदेशात वापरला आहे. रनाळ्याच्या त्या बांधावर उभा राहिलो तेव्हा लक्षात आले, की इसहाकाला सरकून जायला रान होते. येथे पाणी दरवर्षी खाली चालले आहे आणि तिसरी विहीर खणायला ना जागा आहे ना पैसा. मध्यस्थीच्या शिक्षणात संत्र्याची एक गोष्ट फार सांगतात म्हणे. दोन बहिणी एका संत्र्यासाठी भांडतात. विचारल्यावर कळते की एकीला गर हवा आहे आणि दुसरीला केवळ साल. गोष्ट छान आहे. आमच्या खानदेशात मात्र बहुधा दोघांनाही तेच पाणी हवे असते.

मी मुलीला साहजिकच विचारले, "मग घरचे भांडण तू का मिटवत नाहीस?"

ती म्हणाली, "फादर, मी एका पक्षाची मुलगी आहे. मी मध्यस्थ कशी होणार?" थोडे थांबून तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात घर करून राहिली आहे. "स्पर्धेत मला ठाऊक असतं, की समोरच्याकडे एक गोपनीय पत्रक आहे. मी चांगले प्रश्न विचारले तर त्यातलं काहीतरी बाहेर येणारच. काकांकडे तसं पत्रक नाही. त्यांना नक्की काय हवं आहे, ते कोणी लिहूनच दिलेलं नाही. त्यांना स्वतःलाही ते पुरतं ठाऊक असेल असं मला वाटत नाही. आणि नानांनाही नाही."

पापनिवेदन ऐकण्यात ज्याची पंचवीस वर्षे गेली, त्याला हे वाक्य नवे वाटू नये. मला ते नवे वाटले. माणूस आपल्या मनातले पत्रक बोलता बोलताच लिहीत असतो, आणि ऐकणारा उतावळा असेल तर ते अर्धवट राहते. खरे तर ऐकणाऱ्याला उत्तराची घाई झाली, की बोलणारा त्याला हवे तेच लिहू लागतो.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. वीसएक वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या धर्मग्रामात होतो. तेथे दोन भावांचा घर आणि दोन एकर जमिनीवरून तंटा होता. मिस्सेला येत, पण एक उजव्या बाजूला बसे आणि दुसरा डाव्या. मी तरुण होतो, उत्साही होतो. उपवासकाळात त्यांना बोलावले, अनेक रात्री घालवल्या आणि पुनरुत्थानाच्या सणाआधी समेट घडवून आणला. गाठ सुटली ती त्यांच्या विवाहित बहिणीमुळे. तिने हक्कसोडपत्रावर सही करून दिली, म्हणून दोघांच्या वाटणीचे गणित जमले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पित्याच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा आहे, हे मला ठाऊक होते. तिला ठाऊक होते की नाही, हे मी विचारले नाही. "फादर, सही कुठं करू?" एवढेच ती बोलली. सणाच्या मिस्सेत दोघे भाऊ शेजारी बसले आणि मी वेदीवरून त्यांचा दाखला दिला.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती भेटली. पती वारला होता. भाड्याच्या एका खोलीत शिवणकाम करून ती मुलांना शिकवीत होती. तक्रारीचा सूर नव्हता, चहासुद्धा आग्रहाने दिला. निघताना म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलंच नाही, फादर." मी ओशाळून म्हणालो, विचारले असते तर सही केली नसतीस का? तिने विचार केला आणि म्हणाली, "केलीही असती. पण मग ती मी दिलेली झाली असती."

त्या सहीत काय चुकले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी पक्षपात केला नव्हता. दोन्ही भावांना सारखाच वेळ दिला, दोघांचे सारख्याच शांतपणे ऐकले. पण मला सणाच्या आत समेट हवा होता. आणि मध्यस्थाला समेट हवाच असला, की तोही एक पक्ष होऊन बसतो. त्याचे स्वतःचे एक गोपनीय पत्रक तयार होते, आणि ते पुरे करण्यासाठी जो सर्वांत कमी ओरडतो त्याच्याकडे तो नकळत वळतो. माघार घ्यायला जो सर्वांत सोपा, त्याच्याकडूनच शांतीची किंमत वसूल होते. संत थॉमस अक्विनास यांनी एकमत आणि शांती यांत भेद केला आहे. भीतीपोटी किंवा मनाविरुद्ध केलेल्या एकमताला ते शांती म्हणायला तयार नाहीत. हा उतारा मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते.

यावर कोणी रास्त आक्षेप घेईल. समेट अपुरा असेल, पण कोर्टाची पायरी त्याहून बरी का? ती बहीण दाव्याला गेली असती तर प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागले असते. दहा-पंधरा वर्षांनी वाटा मिळाला असता आणि दोन भाऊ कायमचे गेले असते. हा आक्षेप मला खोडता येत नाही. पण ज्याला काही द्यावे लागते त्याला ते जाणून द्यायला मिळाले पाहिजे, आणि त्याच्या नकाराला खरी जागा असली पाहिजे. एवढ्यासाठी समेट लांबला, प्रसंगी मोडला, तरी मध्यस्थाने ते सोसायला हवे.

महाराष्ट्राने हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावोगावी समित्या झाल्या, बांधाचे आणि उसनवारीचे तंटे गावातच मिटवावेत असे ठरले, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात रोख पुरस्कार मिळू लागला. म्हणजे पुण्याच्या मुलांनी जे वर्गात केले, ते गावांनी खऱ्या भांडणांवर केले. तेथेही गुण होते आणि बक्षीस होते. या मोहिमेमुळे पुष्कळ क्षुल्लक भांडणे पोलीस ठाण्याच्या वाटेवरून परतली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गावाला बक्षीस हवे असेल आणि एखादी सून मारहाणीची तक्रार घेऊन निघाली असेल, तर तिच्या तक्रारीकडे तक्रार म्हणून पाहणे समितीला किती जड जाईल, याचा विचार वाचकांनीच करावा. २०२३ च्या कायद्याने फौजदारी गुन्ह्यांचे खटले मध्यस्थीबाहेर ठेवले आहेत, ते योग्यच झाले. याच कायद्यात गावातील वा वस्तीतील शांतता बिघडवू शकणाऱ्या तंट्यांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची तरतूद आहे, आणि तेथे झालेल्या लेखी समेटाला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही. काही वकील यास उणीव मानतील. मला तो शहाणपणा वाटतो. मन बदलले तर तो समेट नुसता कागद उरतो, हे मध्यस्थाला ठाऊक असले म्हणजे त्याला मनापर्यंत जाणे भागच पडते.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा. तिच्या पलीकडे, गुजरातेतील छोटा उदेपूरच्या मुलखात रंगपूर येथे हरिवल्लभ परीख या गांधीवादी कार्यकर्त्याने १९४९ पासून आदिवासींमध्ये लोकअदालत चालवली. तंटा सर्वांसमोर उघड्यावर चाले, दोन्ही बाजूंचे लोक पंचांत असत, आणि मिटल्यावर गूळ वाटत. उपेंद्र बक्षी यांनी १९७६ मध्ये तिच्यावर लिहिलेल्या अभ्यासाचे नाव तक्रारीपासून करारापर्यंत अशा अर्थाचे आहे. एका अक्षराचे अंतर दिसते, पण ते काटायला तेथे घाई नसे. चारचौघांत बोलण्याचेही एक दडपण असतेच, तो भाग वेगळा.

घाई नसण्याचा आणखी एक दाखला आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातला. अर्जेंटिना आणि चिली या दोन कॅथलिक देशांत बीगल खाडीतील बेटांवरून तंटा होता. लवादाने दिलेला आणि १९७७ मध्ये जाहीर झालेला निर्णय चिलीच्या बाजूने लागला, तो अर्जेंटिनाने नाकारला आणि १९७८ च्या डिसेंबरात दोन्ही सैन्ये एकमेकांसमोर उभी राहिली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल आन्तोनिओ सामोरे यांना पाठवले. जानेवारी १९७९ मध्ये दोन्ही देशांनी पोपची मध्यस्थी स्वीकारली, आणि मग वर्षामागून वर्षे रोममध्ये बोलणी चालली. सामोरे फेब्रुवारी १९८३ मध्ये वारले. करारावर सह्या झाल्या २९ नोव्हेंबर १९८४ रोजी. ज्याने ऐकण्यात आपल्या आयुष्याची शेवटची चार वर्षे घातली, त्याने तो समेट पाहिला नाही. त्या काळात त्यांच्या मनात काय चालले असेल ते देव जाणे. पण आपल्या हयातीत हे संपलेच पाहिजे असा हट्ट त्यांनी धरला असता, तर त्या बैठका इतक्या वर्षे टिकल्या असत्या का, अशी शंका येते.

मुलांच्या स्पर्धेविषयीही माझी हरकत आहे ती इतकीच. घंटा वाजण्यापूर्वी काहीतरी जुळवावे, असे प्रत्येकाला वाटते, असे मुलीनेच कबूल केले. नियम नसला तरी वाटते. परीक्षकांनी अधूनमधून एखादा असा तंटा द्यावा, की ज्यात दुबळ्या बाजूच्या गोपनीय पत्रकात "मी काहीही मान्य करीन" एवढेच लिहिलेले असेल, आणि मग मध्यस्थाची जागा घेतलेला विद्यार्थी काय करतो ते पाहावे.

प्रभू येशूकडे गर्दीतून एक माणूस आला, तो असाच भाऊबंदकीचा प्रश्न घेऊन. भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा, म्हणाला. लूकच्या शुभवर्तमानातील त्या प्रसंगात येशूने वाटणी करून दिली नाही. मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमले, असे विचारून तो लोभाविषयी बोलू लागला. तरुणपणी मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटे. हक्कसोडपत्राच्या त्या प्रसंगानंतर तसे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणे झाल्यावर मुलीने वडिलांना सहज म्हणावे तसे म्हटले, "नाना, आमच्या सरावात आम्ही बाजू बदलून बोलतो. तुम्ही काका होऊन बोला ना जरा." नाना हसले, नको म्हणाले, मग माझ्याकडे पाहून बोलू लागले. सुरुवातीला नक्कल होती. रात्री दोनची पाळी, विंचूकाट्याची भीती, तळाचे गढूळ पाणी. मग ते म्हणाले, "विहीर खणली तेव्हा मी सातवीत होतो. माझी शाळा सुटली. तू नंदुरबारला कॉलेजात होतास." पुढे काही बोलले नाहीत. विजेची वेळ झाली होती. बॅटरी घेऊन उठले आणि शेताकडे गेले. मुलगी ताटे उचलू लागली. मी काही तरी बोलणार होतो, तो थांबलो.

सकाळी मी निघालो तेव्हा पाळी होती तशीच होती. मुलगी बसथांब्यापर्यंत सोडायला आली. काकांच्या दारावरून जाताना म्हणाली, "फादर, चहा घ्याल का? काकू विचारत होत्या." बसची वेळ झाली होती, तरी आत गेलो. काकांनी खाट पुढे केली. विहिरीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. आम्ही कांद्याच्या रोपाविषयी बोललो, मिरचीच्या भावाविषयी बोललो, आणि दुसऱ्या बसने मी परतलो.